स्लो कुकरमधलं बार्बेक्यू पोर्क: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधीच सांगून टाकते, धुरावर शिजलेल्या बार्बेक्यूची चव स्लो कुकरमधून, म्हणजे मंद आचेवर कित्येक तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यातून, येत नाही. स्मोक्ड पाप्रिका (धुरावर वाळवलेल्या लाल मिरचीची पूड) घातली की थोडा भास होतो, इतकंच. तीच चव हवी असेल तर हे भांडं घेऊ नका. पण कामावरून दमून आल्यावर काट्याने सहज सुटणारं पोर्क तयार मिळावं, एवढीच अपेक्षा असेल तर मी खूश आहे.

कुकर कुठलाही चालेल, मांसाचा तुकडा मात्र खांद्याचाच हवा. त्यात चरबी असते आणि चिवट कोलॅजेनही (स्नायूंना जोडून ठेवणारं प्रथिन). हे कोलॅजेन मंद आचेवर तासन्‌तास राहिलं की जिलेटिन होतं आणि मांस रसरशीत लागतं. पाठीकडचा कमी चरबीचा तुकडा इथे फुकट जातो, नुसता चोथा हाती येतो. पोर्कचा अख्खा तुकडा आतून ६३ अंश सेल्सियसला पोचला आणि आचेवरून काढून तीन मिनिटं तसाच ठेवला की खायला सुरक्षित असतो. पण त्याचे धागे सुटायला ९० ते ९५ अंश लागतात. म्हणून मध्येच मांस शिजलेलं असूनही हट्टाने घट्ट राहतं. अशा वेळी सुरी हातात घेऊ नका, आणखी तासभर द्या.

कुकरची 'लो' आणि 'हाय' ही दोन्ही सेटिंग्ज शेवटी जवळपास एकाच तापमानाला पोचतात, फरक वेळेचा. दीड किलोला लोवर आठ-दहा तास लागतात, हायवर पाच-सहा. दिवसभर बाहेर असणाऱ्यांना लोच बरं. झाकण उघडून डोकावलं की वीसेक मिनिटं वाढलीच म्हणून समजा. आणि गोठलेलं मांस थेट आत टाकायचं नाही.

आता सॉस. बहुतेक पाककृती सगळा सॉस सकाळीच ओतायला सांगतात. मला ते पटत नाही. या भांड्यातून वाफ फारशी बाहेर जात नाही, मांसाचं पाणी सुटतं आणि संध्याकाळी सॉसचं सार झालेलं असतं. मी सकाळी तळाला कांदा पसरते, मांसाला मीठ, मिरपूड, पाप्रिका चोळते आणि अर्धा कप व्हिनेगर घालते. बस्स. संध्याकाळी मांस बाहेर काढून सोडवायचं, रसावरची चरबी चमच्याने काढायची आणि थोडा रस पॅनमध्ये केचप, ब्राऊन शुगर, मोहरीची पेस्ट घालून आटवायचा. पंधरा मिनिटांत होतं. अमेरिकेत कॅन्सस सिटीचा सॉस गोड-घट्ट, पूर्व नॉर्थ कॅरोलायनाचा व्हिनेगर-मिरचीचा पातळ; माझा कल दुसऱ्याकडे, म्हणून शेवटी चमचाभर ताजं व्हिनेगर पडतंच.

तक्रारी? सिरॅमिकचं भांडं जड आहे, धुताना मनगट भरून येतं. गरम असताना त्यात गार पाणी ओतलं तर तडा जाऊ शकतो. मांसाला खरपूस रंगही येत नाही. त्यासाठी सॉस लावलेलं मांस ट्रेमध्ये पसरून ओव्हनच्या ग्रिलखाली चार-पाच मिनिटं ठेवते. कडा कुरकुरीत होतात, आणि त्यांच्यावरून घरात भांडणं होतात.

उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं. दुसऱ्या दिवशी ते या कुकरमध्ये गरम करू नका, तो फार हळू तापतो. पॅनमध्ये करा, थोडा राखून ठेवलेला रस शिंपडून.