थर्मोकोलऐवजी बुरशीचं पॅकिंग: एक पावसाळा वापरल्यावर

सहा ग्रॅमसाठी कुरिअरवाल्याला अर्ध्या किलोचे पैसे मोजले, म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या चिनीमातीच्या बरण्या पुण्याहून जातात. थर्मोकोल सोडून बुरशीचे साचे (भुशात बुरशी वाढवून केलेलं पॅकिंग) घेतले तेव्हा धास्ती वजनाची होती, कारण हे चांगलंच जड असतं. पण कुरिअरवाले खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जास्त असेल ते लावतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले 5000, की किलो. आमची जुनी 30 × 30 × 20 सेंटिमीटरची पेटी 3.6 किलो भरायची. पैसे अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्याने, म्हणजे चारचा स्लॅब. बरणी धरूनही खरं वजन तीनच्या आत, तेव्हा जड पॅकिंग फुकटात जाणार असं वाटलं.

कसलं काय! याच्या भिंती जाड लागतात, नाहीतर कोपरे तुटतात. नवी पेटी 32 × 32 × 22. भागून बघा: 4.506. साडेचारच्या वर सहा ग्रॅम, की पाचचा स्लॅब!

पुरवठादाराला म्हटलं, दादा, उंची सेंटिमीटरभर कमी करा. "ताई, त्याला नवा साचा पाडावा लागेल, त्याचे पैसे वेगळे." आता आम्हीच तळ पॉलिश पेपरने घासतो. पेटी 4.3 वर आली, पण भुसा इतका सांडतो की गिऱ्हाईक फोन करून सांगतं, "बरणीला बुरशी लागलीय हो." काय समजावणार? भुशात बुरशी आठवडाभर वाढवतात आणि मग उष्णता देऊन मारतात. ती मेलेली असते, तिला छत्र्या फुटत नाहीत. अमेरिकेत ईकोव्हेटिव्ह ही कंपनी 2007 पासून या कामात आहे, कॉम्प्युटरवाल्या डेलने 2011 मध्ये सर्व्हर यात पाठवले. त्यांना असे फोन आले असतील का, देव जाणे.

जुलैत भिंतीलगत ठेवलेला लॉट दमट होऊन मऊ पडला. बदलून मिळाला नाही, "तुम्ही ओलीत ठेवलंत" म्हणे. तेव्हापासून माल माळ्यावर.

बरण्या फुटल्याच्या तक्रारी मात्र जवळजवळ थांबल्या. नुसतं यासाठी मी ते घासकाम सहन करते. वापरलेले साचे कुस्करून कुंडीत पुरले तर दीड-दोन महिन्यांत मातीत मिसळतात. अख्खे ठेवले तर नुसते बसून राहतात.

आणि ते "प्लॅस्टिक खाणारी बुरशी" फॉरवर्ड करणाऱ्यांनो, ती वेगळी. इक्वेडोरच्या जंगलातल्या त्या बुरशीने प्रयोगशाळेत पॉलियुरेथेन खाल्लं होतं, थर्मोकोल म्हणजे पॉलिस्टायरीन, ते प्लॅस्टिकच वेगळं. माझ्या गोदामातला जुना साठा ती संपवणार नाही.

मोठ्या बरण्यांना हेच चालू ठेवतेय. चटणीच्या छोट्या बरण्यांना परवडत नाही, त्या परत पुठ्ठ्यात.