बग्ज बनीची बोटं: लूनी ट्यून्स डीव्हीडीवर घ्यावं की ब्लू-रेवर?

लूनी ट्यून्स म्हणजे वॉर्नर ब्रदर्सची बग्ज बनी वगैरेंची जुनी कार्टून. ती कशावर घ्यावीत हा प्रश्न मला मित्रमंडळींकडून वरचेवर येतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. माझ्यापुरती निवड दोन गोष्टींत आहे. एकीकडे ‘गोल्डन कलेक्शन’चे डीव्हीडीचे सहा संच, २००३ ते २००८ या काळातले. दुसरीकडे ‘प्लॅटिनम कलेक्शन’चे ब्लू-रेचे तीन संच, २०११, २०१२ आणि २०१४ चे. माझ्याकडे दोन्ही प्रकार आहेत आणि दोन्हींवर माझा जीव आहे.

भरघोसपणात डीव्हीडीला तोड नाही. एकेका संचात चार डिस्का, आणि सहाही संच मिळून साडेतीनशेच्या वर कार्टून. ब्लू-रेच्या तीन संचांत मिळून दीडशे. शिवाय जेरी बेक, मायकेल बॅरियर यांच्यासारख्या अभ्यासकांचं निवेदन आणि काही कार्टूनांसाठी नुसत्या संगीताचा वेगळा ट्रॅक ही डीव्हीडी संचांची खरी श्रीमंती. या कार्टूनांचा संगीतकार कार्ल स्टॉलिंग, त्याचं संगीत संवादांशिवाय ऐकलं की त्या माणसाची ताकद कळते. तेव्हा ज्याला सगळं हवंय, अभ्यास करायचाय, त्याने डीव्हीडीच घ्याव्यात असं मीही म्हणत असे.

मग एका रात्री ‘रॅबिट ऑफ सेव्हिल’ लावलं. चक जोन्सने दिग्दर्शित केलेलं, १९५० चं. रॉसिनीच्या ऑपेराच्या संगीतावर बग्ज त्याच्यामागे लागलेल्या शिकाऱ्याच्या, एल्मर फडच्या, टकलाला मालिश करतो, ती जागा. इतक्या वेळा पाहिलेली की डोळे मिटूनही दिसावी. त्या दिवशी मोठ्या टीव्हीवर पहिल्यांदा जाणवलं, हात भरभर फिरायला लागले की बोटांच्या रेघा तुटतात. चित्र थांबवून एक-एक फ्रेम पुढे नेली. एका फ्रेममध्ये करंगळीची कड अर्धीच, पुढच्या फ्रेममध्ये गायब, तिसऱ्यात परत हजर. डिस्क कुठल्या संचातली हे महत्त्वाचं नाही. त्या काळी यंत्राने फिल्म साफ करायची पद्धत अनेक ठिकाणी सर्रास वापरत, आणि हा तिचाच प्रताप.

कारण समजलं तेव्हा जास्तच वाईट वाटलं. फिल्मवरची धूळ काढायला यंत्र प्रत्येक फ्रेम मागच्या-पुढच्या फ्रेमशी ताडून बघतं. एकाच फ्रेममध्ये जे दिसतं आणि आजूबाजूला नसतं, ती धूळ. माणसांच्या सिनेमात हे बऱ्यापैकी चालतं. पण कार्टूनमध्ये वेगाच्या जागी प्रत्येक फ्रेमला नवं चित्र असतं, सेकंदाला चोवीस. हात एकदम इथून तिथे जातो, आणि यंत्राला शाईची बारीक रेघ कचरा वाटते. कुणीतरी सेलवर, म्हणजे चित्राच्या पारदर्शक शीटवर, हाताने, श्वास रोखून ओढलेली रेघ! धूळ राहिली असती तर चाललं असतं.

तेव्हापासून मी डिस्क विकत घेताना हीच एक गोष्ट बघतो.

माझ्या ब्लू-रेवर तीच बोटं शाबूत आहेत. फिल्मचा दाणा, म्हणजे चित्रावरची बारीक कणकण, दिसतो, काहींना तो खुपतो. रंगांवरही मेहनत जाणवते. ही कार्टून एकाच कृष्णधवल निगेटिव्हवर घेतलेली असत, प्रत्येक चित्र लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरमधून तीनदा. जुनी फिल्म आकसली की ते तिन्ही एकमेकांवर नीट बसत नाहीत आणि कडांना रंगीत झालर दिसते. आता संगणकावर ते जुळवता येतात. एखाद्या दृश्यात तर सेलची फिकट सावली मागच्या चित्रावर पडलेली दिसते. ती पुसली नाही याचं मला फार समाधान आहे. कॅमेऱ्याखाली त्या दिवशी जे होतं तेच समोर येतं.

अर्थात, माझे डोळे म्हणजे मोजपट्टी नव्हे. लहान टीव्ही असेल, मुलांबरोबर रविवारी सकाळी बघायचं असेल, तर डीव्हीडीत काही कमी पडेल असं मला वाटत नाही. एक अडचण मात्र ध्यानात घ्या, अमेरिकेतल्या डीव्हीडी झोन एकच्या आणि आपल्याकडचे प्लेयर झोन पाचचे, म्हणजे त्या इथे लागतीलच असं नाही. ब्लू-रे माझ्याकडे विनातक्रार लागल्या, तरी विकणाऱ्याला विचारून घ्यावं.

एकच संच घ्यायचा तर प्लॅटिनमचा पहिला घ्या. त्यात पन्नास कार्टून आहेत, ‘रॅबिट ऑफ सेव्हिल’ही आहे. आणि कुणाकडे जुन्या डीव्हीडी स्वस्तात मिळत असतील तर पैसे देण्याआधी मालिशची जागा लावून थांबवा आणि बग्जची बोटं मोजा. एरवी त्याला चारच असतात, पण या जागी अंगठा धरून पाच भरली पाहिजेत.