पीएचपीत मजकूर शोधणं: आठ महिन्यांच्या वापरानंतर

पार्सलवरच्या पत्त्यातून तालुका ओळखायचा आणि ते योग्य गाडीच्या यादीत टाकायचं, एवढंच काम करणारा, पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेतला प्रोग्रॅम मी सांभाळतो. पत्ते निम्मे मराठीत, निम्मे इंग्रजीत. म्हणजे दिवसभर प्रश्न एकच: हा शब्द या ओळीत आहे का? आठ महिन्यांपूर्वी सगळं पीएचपी ७.४ वरून ८ वर आणलं, तेव्हापासूनचा हा अनुभव.

आधी हे काम स्ट्रपॉस (strpos) हे पीएचपीचं तयार फंक्शन करायचं. ते 'आहे' किंवा 'नाही' म्हणत नाही, कितव्या जागी आहे ते सांगतं, आणि मोजणी शून्यापासून. शब्द अगदी सुरुवातीलाच असेल तर उत्तर ०, नसेलच तर फॉल्स, आणि साध्या इफला, म्हणजे 'असं असेल तर' या अटीला, दोन्ही सारखेच 'नाही'. 'मु. पो. फलटण' हा पत्ता बरोबर जायचा, 'फलटण, जि. सातारा' मात्र 'तालुका सापडला नाही' या ढिगात पडायचा. कारण हाती लागेपर्यंत दोन आठवडे गेले. उत्तराची तुलना फॉल्सशी काटेकोरपणे, म्हणजे 'बरोबर'ची दोन चिन्हं असलेल्या 'नॉट आयडेंटिकल'ने (!==) करायची, हा उपाय. पण तो प्रत्येक जागी आठवणीने करावा लागतो, आणि जुन्या कोडमध्ये कुठेतरी राहतोच.

नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या ८.० ने स्ट्र_कंटेन्स (str_contains) दिलं. उत्तर ट्रू किंवा फॉल्स, बस. आमच्या कोडमधले बहुतेक इफ आता मोठ्याने वाचले तरी कळतात. सोबतची, सुरुवात आणि शेवट तपासणारी स्ट्र_स्टार्ट्स_विथ आणि स्ट्र_एंड्स_विथ ही दोन्हीही मी रोज वापरतो. एक मात्र सांभाळा: शोधायचा शब्द रिकामा असेल तर स्ट्र_कंटेन्स ट्रू देतं. शोधचौकट कोरी ठेवून बटण दाबलं की सगळे पत्ते समोर. आधी ट्रिम करून, म्हणजे कडेच्या मोकळ्या जागा काढून, रिकामं आहे का ते बघावंच लागतं.

मराठीसाठी एमबी_ गटातली, म्हणजे बाइटऐवजी अक्षरचिन्हं मोजणारी फंक्शनं लागतील असं मला वाटलं होतं. नुसतं आहे-नाही विचारायचं असेल तर लागत नाहीत. यूटीएफ-८ ची, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीची, रचनाच अशी आहे की एका अक्षराचे बाइट दुसऱ्याच्या मधोमध चुकून जुळत नाहीत. जागा हवी असेल तेव्हा मात्र गोष्ट वेगळी. 'पुणे सातारा' यात 'सातारा' स्ट्रपॉसला १३ वर सापडतो, एमबी_स्ट्रपॉसला ५ वर, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. एकाची जागा घेऊन दुसऱ्या गटातल्या फंक्शनने तुकडा कापला, तर अक्षर फुटतं आणि पुढे माहिती जेसन स्वरूपात बदलणारं जेसन_एन्कोड हात वर करतं. जोडी कायम एकाच गटातली ठेवा.

खरा कस लागला कऱ्हाडपाशी. तो आडवा र टंकायच्या तीन तऱ्हा आमच्या पत्त्यांत सापडल्या: स्वतंत्र 'ऱ', साध्या 'र'ला नुक्ता (खालचा टिंब), आणि 'र'चा पाय मोडून पुढे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही हुबेहूब एकच दिसतात, बाइट मात्र वेगळे, म्हणून स्ट्र_कंटेन्स प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतं. पहिल्या दोघांना नॉर्मलायझरचं, म्हणजे एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या तऱ्हा एकसारख्या करणाऱ्या साधनाचं, एनएफसी रूप एकत्र आणतं. तिसऱ्यासाठी मी आधीच र, हलन्त आणि जोडचिन्ह हा क्रम 'ऱ्'ने बदलतो. नुसतं जोडचिन्ह पुसलं तर रफार होतो आणि गाव 'कर्हाड' बनतं! शिवाय कितीतरी लोक 'कराड' लिहितात. त्याला कुठलंही फंक्शन पुरत नाही, पर्यायी नावांची यादी हातानेच ठेवावी लागते.

आणि वाई. 'हवाई दल वसाहत, पुणे' असा पत्ता आला आणि पार्सल निघालं वाईच्या गाडीत. स्ट्र_कंटेन्सला शब्दाची सीमा कळत नाही. रेजेक्सची, म्हणजे नमुना देऊन मजकूर शोधायच्या पद्धतीची, नेहमीची शब्दसीमाही मराठीत दगा देते, कारण ती काना हा अक्षराचा भाग धरत नाही आणि शब्दाच्या मध्येच सीमा मानते. म्हणून रेजेक्सने शोधणारं प्रेग_मॅच, मजकूर यूटीएफ-८ म्हणून वाचायला लावणारा यू मॉडिफायर, आणि शब्दाच्या आधी अक्षर किंवा मात्राचिन्ह नको अशी अट घातली. तीच अट शब्दाच्या नंतरही लावून पाहिली, पण 'वाईजवळ', 'वाईच्या पुढे' असले पत्ते गळायला लागले. आता अट फक्त शब्दाच्या आधी आहे.