क्रेडिट कार्डाची बिनव्याजी मुदत आणि बँकेतील व्याज : काही महिन्यांच्या वापरानंतर

घरखर्च क्रेडिट कार्डावर टाकायचा, पगारातील तेवढीच रक्कम बँकेत ठेवून तिच्यावर व्याज मिळवायचे आणि देय तारखेला संपूर्ण बिल भरून मोकळे व्हायचे, ही पद्धत मी गेल्या दिवाळीपासून लातूरमध्ये वापरत आहे. ब्रिटनमध्ये काही कार्डांवर वर्षभराहून अधिक काळ शून्य टक्के व्याजाची सवलत मिळते आणि ती रक्कम बचत खात्यात ठेवून तेथील लोक बऱ्यापैकी कमाई करतात. आपल्याकडे एवढी दीर्घ सवलत नसते. बहुतेक कार्डांवर खरेदीच्या तारखेनुसार वीस ते पन्नास दिवस मिळतात, त्यामुळे येथील नफा आधी कागदावर मांडून पाहणे आवश्यक आहे.

माझे बिल २० तारखेला तयार होते आणि पुढील महिन्याच्या १० तारखेपर्यंत भरावे लागते. महिन्याचा खर्च ३०,००० रुपये धरला, तर बिल भरण्याच्या आदल्या दिवशी कार्डावर सुमारे ५०,००० रुपये देणे असते आणि भरल्यानंतर २०,००० उरते. म्हणजे सरासरी ३५,००० रुपये सतत आपल्या खात्यात राहतात. मोठ्या बँकांच्या बचत खात्यावरील अडीच टक्के दराने त्यांचे वर्षाला केवळ ८७५ रुपये होतात. परंतु खर्चाचा क्रम असाच चालू राहिला, तर त्यातील २०,००० रुपयांना कधीच हात लावावा लागत नाही, हे माझ्या दोन-तीन बिलांनंतर लक्षात आले. तेवढी रक्कम मी एक वर्षाच्या मुदत ठेवीत टाकली. सहा टक्के दराने तिचे १,२०० आणि उरलेल्या सरासरी १५,००० रुपयांचे बचत खात्यातील ३७५, असे मिळून १,५७५ रुपये होतात. माझ्या कार्डाला वार्षिक शुल्क नाही. ५०० रुपये शुल्क असते, तर जीएसटीसह ५९० रुपये त्यातूनच गेले असते. हे व्याज करपात्र आहे. बचत खात्यावरील व्याजाला जुन्या करप्रणालीत १०,००० रुपयांपर्यंत मिळणारी वजावटही नव्या करप्रणालीत नाही.

या आकड्यासमोर दुसरा आकडा ठेवला पाहिजे. माझ्या कार्डाचा व्याजदर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के आहे. अटीपत्रानुसार ३०,००० च्या बिलापैकी २५,००० वेळेत भरले आणि ५,००० राहिले, तरी बिनव्याजी मुदत संपूर्ण बिलावरची जाते आणि प्रत्येक खरेदीच्या तारखेपासून व्याज लागते. सरासरी ३५ दिवसांचे ते व्याज जीएसटीसह सुमारे १,४२५ रुपये होते. शिवाय नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते. वर्षभराची जवळजवळ सारी कमाई अशी एका बिलात जाते. मराठवाड्यातील शेतकऱ्यांना हा व्यवहार समजावून सांगावा लागणार नाही, कारण तीन लाखांपर्यंतचे पीककर्जही वेळेत फेडले तरच बिनव्याजी पडते आणि मुदत टळली की सवलत हातची जाते.

म्हणून खात्यातून बिल आपोआप वळते करण्याची सूचना देताना ‘किमान देय रक्कम’ न निवडता ‘एकूण देय रक्कम’ निवडावी, असे मी आग्रहाने सांगेन. पगार उशिरा होत असेल, तर बिलाची तारीख बदलून घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ती सोय बँकेला द्यावीच लागते. मीही तसा अर्ज करूनच २० तारीख घेतली. देय तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा अधिक उशीर झाल्याशिवाय विलंबशुल्क लावता येत नाही, हे खरे असले, तरी त्या सवलतीच्या भरवशावर राहू नये.

किराणा, वीजबिल आणि औषधे एवढाच खर्च मी कार्डावर घेतो. लातुरात शिकवणीची फी कार्डाने भरायची म्हटले, की अनेक ठिकाणी दोन टक्के जादा मागतात. पंचेचाळीस दिवसांच्या मुदतीसाठी दोन टक्के म्हणजे वर्षाला सोळा टक्क्यांहून अधिक दराने पैसे उचलणे होय. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते, पण दुकानदाराने वैयक्तिक खात्याचा क्यूआर लावला असेल, तर ते तेथे चालत नाही. एटीएममधून कार्डावर रोख काढण्याचा तर विचारही करू नये, कारण तिथे शुल्कही आहे आणि बिनव्याजी मुदतही नाही.

पैसे ठेवायचे कोठे, या प्रश्नावर मी सर्वाधिक ठाम आहे. आपल्या भागात मल्टिस्टेट पतसंस्थांच्या चढ्या व्याजदरांना भुलून अनेक कुटुंबांच्या ठेवी अडकल्या आहेत, आणि बँकेतील ठेवींना असलेले पाच लाखांपर्यंतचे विमासंरक्षण पतसंस्थांमधील ठेवींना नसते. ज्या रकमेचे बिल १० तारखेला भरायचेच आहे, ती तिथे ठेवण्यास मी कोणालाही अनुमोदन देणार नाही.

ज्यांचे घर सोयाबीनच्या पट्टीवर, म्हणजे आडतीवरील विक्रीतून हाती येणाऱ्या पैशावर चालते, त्यांना ही पद्धत सुचवणे मला योग्य वाटत नाही. बिल दर महिन्याला येते आणि आडतीचा पैसा हंगामात एकदा. ठरलेल्या तारखेच्या आसपास पगार होणाऱ्यांनी मात्र कार्डाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवून ती अवश्य वापरावी. माझ्या भावाच्या शेतासाठी जूनमध्ये लागणारे बियाणे आणि खत आम्ही आजही पीककर्जातूनच घेतो, आणि त्या खरेदीला माझे कार्ड लावायचे नाही, हे आमच्यात ठरलेले आहे.