रुक्मिणीच्या माहेरी: नागपूरहून कौंडण्यपूरची एक दिवसाची सहल

धरमपेठेतल्या एक संस्कृतच्या निवृत्त बाई ही सहल नेतात. माणशी १,३५० रुपये, सतरा जणांची गाडी, सकाळी सहाला शंकरनगर चौकातून निघायचं. मी सासूबाईंना घेऊन गेले. त्या ७६ वर्षांच्या. पंढरपूरच्या वाऱ्या झाल्या, पण रुक्मिणीचं माहेर आपल्या विदर्भातच असून बघायचं राहिलं होतं.

कोंढाळीच्या अलीकडे तर्री-पोहे झाले आणि गाडीतच गोष्टी सुरू झाल्या. हा भाग जरा घाईचा वाटला. रती, ग्रीकांची अफ्रोडाइटी, बाबिलोनची इश्तार, सगळ्या प्रेमदेवता अर्ध्या तासात. तरी त्यातली सोन्याच्या सफरचंदाची गोष्ट मनात राहिली. ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याने ते अफ्रोडाइटीला दिलं आणि तिने त्याच्या पदरात स्पार्टाची राणी हेलेन टाकली. त्या सौद्यात हेलेनला काय हवंय ते कोणीच विचारलं नाही.

कौंडण्यपूरला वर्धा नदीच्या काठी विठ्ठल-रुक्मिणीचं मंदिर आहे. दर्शन झाल्यावर बाईंनी आम्हाला घाटाच्या पायऱ्यांवर बसवलं आणि भागवताच्या दशम स्कंधातलं रुक्मिणीचं पत्र वाचलं. सात श्लोक. एकेक श्लोक संस्कृतात, मग साध्या मराठीत. भाऊ रुक्मी तिला शिशुपालाच्या गळ्यात बांधायला निघालाय, लग्न तोंडावर आलंय, आणि ही मुलगी एका ब्राह्मणाच्या हाती कृष्णाला निरोप धाडते: तुमचे गुण ऐकले, मी मनाने तुम्हाला वरलंय. पुढे तर ती बेतच आखून देते. लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे कुलदेवीची मोठी यात्रा असते, नवरी गावाबाहेर गिरिजेच्या देवळात जाते, तिथून मला न्या. म्हणजे राजवाड्यातल्या माझ्या माणसांचं रक्त सांडायला नको. इतका विचार! आजही आपली नवरी बोहल्यावर चढण्याआधी गौरीहर पुजते, ते मला त्या पायरीवर बसल्या-बसल्या आठवलं आणि अंगावर काटा आला.

सासूबाई म्हणाल्या, "पंढरपुरात ही वेगळ्या देवळात गप्प उभी असते गं. इथं बोलते." आषाढीला इथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते, माहेराहून सासरी, हेही त्यांना तिथेच कळलं.

परतताना बाईंनी दमयंती सांगितली. तीही विदर्भाचीच लेक. स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण, यम चौघेही नळाचं रूप घेऊन बसले. तिने खरा नळ ओळखला तो घामाने, सावलीने, कोमेजल्या हारावरच्या धुळीने. देवांच्या पापण्या लवत नव्हत्या, पाय जमिनीला टेकत नव्हते. देव समोर असताना तिने घाम येणारा माणूस निवडला. मला सगळ्या प्रेमकथांत हीच सर्वांत जवळची वाटते.

जेवण तिवसा रस्त्यावरच्या एका ढाब्यावर होतं. पाटवडी-रस्सा झणझणीत, भाकरी मात्र गार आणि वाढणाऱ्यांची चिडचिड. वयस्कर माणसं असतील तर डबा सोबत घ्या. जेवणातच उशीर झाला आणि अमरावतीच्या अंबादेवीला जेमतेम वीस मिनिटं मिळाली. रुक्मिणी याच देवळातून गेली असं अमरावतीकर मानतात. भागवतात ती देवीपुढे मागणं मागते: कृष्णच माझा पती होवो, तू याला संमती दे. ते मागणं त्या गाभाऱ्यासमोर उभं राहून ऐकायला हवं होतं. आम्हाला ते गाडीत ऐकायला मिळालं. बाईंना हे सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं.

घाटाच्या पायऱ्या उंच आहेत, कठडा सगळीकडे नाही, ज्येष्ठांसोबत एक धडधाकट माणूस हवाच. ऊन होण्याआधी नदीवर पोचणं उत्तम, आणि शक्यतो दिवाळीनंतरची, थंडीतली तारीख घ्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पत्राचा मराठी अर्थ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. मी मोठ्या अक्षरात छापून आणला. सासूबाईंनी तो देवघरात हरिपाठाच्या पोथीत ठेवलाय, आणि माझ्या लेकीला जवळ बसवून दोन वेळा वाचून दाखवलाय.