२०, १०० की १००० वर्षं? एलसीएमध्ये दृष्टिकोन निवडताना

जीवनचक्र मूल्यांकन, म्हणजे एलसीए, हा एखाद्या वस्तूच्या निर्मितीपासून विल्हेवाटीपर्यंत पर्यावरणावर होणाऱ्या परिणामांचा हिशेब. तो करताना ‘रेसिपी २०१६’ ही पद्धत घेतली की दृष्टिकोनाचे तीन पर्याय समोर येतात: इंडिव्हिज्युअलिस्ट (व्यक्तिवादी), हायरार्किस्ट (श्रेणीवादी), इजॅलिटेरियन (समतावादी). बहुतेक जण मधला तसाच ठेवतात; मधला म्हणजे तटस्थ, असा समज. पण हवामानावरचा परिणाम पहिला २० वर्षांपुरता मोजतो, दुसरा १०० आणि तिसरा १०००. पुढच्या किती पिढ्यांचं आपण देणं लागतो, हे कुठलंही उपकरण मोजून देत नाही.

हिशेबच मांडू. १४.२ किलोच्या सिलिंडरमधला गॅस जळून साधारण ४२ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तेवढाच स्वयंपाक गोबरगॅसवर झाला आणि संयंत्रातून समजा १ किलो मिथेन गळला. (गोबरगॅस जळताना निघणारा कार्बन चाऱ्यातूनच आलेला, म्हणून तो शून्य धरतात. सिलिंडरच्या उत्पादन-वाहतुकीचा भार इथे सोडून देऊ.) हा १ किलो मिथेन पहिल्या पर्यायात ८४ किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा, दुसऱ्यात ३४, तिसऱ्यात ४.८. गळती तीच, पण पहिल्यात गोबरगॅस सपशेल हरतो, दुसऱ्यात जेमतेम जिंकतो, तिसऱ्यात एकतर्फी.

नावावर तर मुळीच जाऊ नका. भविष्याची सर्वांत जास्त काळजी करणारा म्हणून इजॅलिटेरियन ओळखला जातो, पण मिथेनला सर्वांत हलक्यात तोच सोडतो. मिथेन हवेत दशकभर टिकतो. हजार वर्षांत त्याचा परिणाम विरून जातो. विषारी रसायनांचा विषय असेल तर मात्र हाच पर्याय कडक: संशयितांनाही धरतो. इंडिव्हिज्युअलिस्ट ठोस पुराव्याशिवाय कुणाला हात लावत नाही.

आयएसओ १४०४४ या एलसीएच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार जाहीर तुलनेत वेगवेगळ्या परिणामांना भारांक देऊन एकच गुण काढता येत नाही. नियम चांगला आहे. पण वर्षांची निवड त्याआधीच्या पायरीवर होते, त्यामुळे नैतिक मूल्यं मागच्या दाराने आत येतातच.

माझं मत: मुख्य निकाल हायरार्किस्टवर द्या, कारण इतर अभ्यासांशी तुलना जमते. गुरं, भातशेती, कचरा असा मिथेनचा विषय असेल तर इंडिव्हिज्युअलिस्टचा आकडा शेजारी छापाच, परिशिष्टात नको. निकाल फिरत असेल तर तेही स्पष्ट लिहा. गोबरगॅसच्या वरच्या हिशेबात गळती अर्ध्या किलोच्या खाली आणली की तिन्ही दृष्टिकोन एकाच बाजूला येतात. तेव्हा आधी पाइपाचे जोड तपासून घ्या.