स्टॅमफर्ड की लडलो?

भाची विचारतेय, लंडन सोडून स्टॅमफर्डला जावं की लडलोला? दोन्ही इंग्लंडमधली गावं, जुनी, देखणी. फोटो बघून ठरवायला बसलीस तर कधीच ठरणार नाही.

आधी प्रवास. स्टॅमफर्डहून पीटरबरो हे जवळचं मोठं शहर रेल्वेने १५ मिनिटांच्या आसपास, तिथून लंडन तासाभरात. लडलोहूनही गाडी बदलावी लागते, पण तिथे निम्मा दिवस प्रवासातच जातो. स्टॅमफर्डची घरं महाग आहेत ती काही उगाच नाही.

घराचं दुखणं मात्र दोन्हीकडे तेच. इंग्लंडमधलं पहिलं संवर्धन क्षेत्र, म्हणजे जुनं रूप जपायचा भाग, १९६७ साली जाहीर झालं, ते स्टॅमफर्डलाच. घर ‘लिस्टेड’, म्हणजे वारसा म्हणून सरकारी यादीत असेल, तर दुहेरी काचेची खिडकी बसवायलाही काउन्सिलची परवानगी लागते. विनापरवाना बदल हा चक्क गुन्हा. एकेरी काचेतून येणारा जानेवारीतला गारठा जाड पडद्यालाही जुमानत नाही, तेव्हा घर हिवाळ्यातच बघ. लडलोत टीम नदीकाठचं घेत असशील तर पुराचा नकाशाही.

बाजार लडलोचा सरस, किल्ल्यासमोरच भरतो. पण कढीपत्ता? त्यासाठी भारतीय दुकानं असलेलं पीटरबरो जवळ हवं.

ऑफिस लंडनला असेल तर स्टॅमफर्ड. काम घरूनच असेल आणि डोंगर हवे असतील, तर लडलो.